चाबूकस्वाराची विद्या

कयाधू नदीच्या काठी वसलेले हिंगोली हे आज जिल्ह्याचे ठिकाण आहे. 1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला. परंतु त्याच्या फार पूर्वी, निजामाच्या राजवटीत, हिंगोलीला आणखी एक महत्त्व होते. हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फौजेचा येथे तळ होता. या फौजेत पायदळाच्या पलटणी होत्या, तसेच घोडदळाचे रिसालेही होते. नालबंद, सईस, मोतद्दार, चाबूकस्वार अशा अनेक कसबी लोकांचे पोट घोड्यावर चालत असे. 1903 साली ही फौज वेगळी राहिली नाही. तिचे रिसाले व पलटणी हिंदुस्थानच्या लष्करात सामील झाल्या आणि छावणीचे दिवस संपले.

घोडे गेले, पण त्यांनी भाषेत मुक्काम केला आहे. काम थांबले की घोडे अडते. परीक्षेची वेळ आली की घोडामैदान जवळ येते. उशिरा सुचलेल्या उपायाला आपण वरातीमागून घोडे म्हणतो. शिलेदार आणि बारगीर हे दोन शब्द तर प्रत्येक मराठी मुलाला इतिहासाच्या पुस्तकात भेटतात. स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. धन्याच्या घोड्यावर बसून चाकरी करणारा तो बारगीर. या दोघांखेरीज तिसरा एक मनुष्य पागेत असे. त्याचे नाव बखरीत क्वचितच येते. तो म्हणजे चाबूकस्वार. कोवळ्या, अडाणी घोड्याला स्वाराचे ओझे सोसण्यास आणि त्याची खूण समजण्यास शिकविणारा तो शिक्षक होय.

हैदराबाद कंटिंजंटच्या परंपरेतील रिसाले पुढे समुद्रापार गेले. पहिल्या महायुद्धात विसावा डेक्कन हॉर्स हा रिसाला फ्रान्सच्या भूमीवर लढला. 14 जुलै 1916 रोजी सोमच्या लढाईत, हाय वुड नावाच्या रानाजवळ, त्याच्या स्वारांनी भाले सरसावून शत्रूवर चाल केली. परंतु काटेरी तारा आणि यंत्रतोफा यांच्यापुढे घोडदळाचे युग मावळत होते. रणगाडे आले आणि लढाईतील घोड्याचे काम संपत गेले.

लढाईतून मुक्त झालेला घोडा आज खेळाच्या मैदानात उतरला आहे आणि त्याच्यासाठी परदेशी गेलेले भारतीय तरुण नव्या प्रकारची बारगिरी करीत आहेत. ते दुसऱ्याच्या घोड्यांवर बसतात, त्यांना शिकवितात आणि परीक्षकांपुढे मिरवितात. या खेळाला ‘ड्रेसेज’ असे म्हणतात. हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ शिकविणे, वळण लावणे असा आहे.

ड्रेसेजमध्ये शर्यत नसते आणि अडथळ्यांवरून उड्याही नसतात. साठ मीटर लांब व वीस मीटर रुंद अशा वाळूच्या अंगणात घोडा व स्वार एकटे उतरतात. कदम, दुडकी आणि मंद दौड अशा तीन चाली घोड्याने दाखवावयाच्या असतात. कदमात टापांचे चार ठोके ऐकू येतात, दुडकीत दोन आणि मंद दौडीत तीन. या चालींत घोडा वर्तुळे काढतो, तिरका सरकतो, सांगितल्या जागी निश्चल उभा राहतो. अखेरच्या पायरीवर पोहोचलेला घोडा जागच्या जागी तालात पाऊल उचलतो किंवा मागच्या पायांवर भार तोलून स्वतःभोवती फिरतो. परीक्षक प्रत्येक कृतीला शून्य ते दहा गुण देतात. स्वाराच्या खुणा जितक्या कमी दिसतील तितके कौशल्य थोर मानले जाते. पाहणाऱ्याला वाटावे, की स्वार काहीच करीत नाही आणि घोडा आपल्याच आनंदाने नाचतो आहे.

ही विद्या नवी नाही. चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये झेनोफॉन नावाच्या सेनानीने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. जबरीने करून घेतलेल्या कामात सौंदर्य येत नाही, हा विचार त्याने तेव्हाच मांडला होता. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातही राजाच्या अश्वक्रीडेचे वर्णन आहे. युरोपात या विद्येला राजदरबारांनी आश्रय दिला व पुढे लष्कराने ती जोपासली. ऑलिंपिक सामन्यांत 1912 साली तिचा समावेश झाला, तेव्हा केवळ लष्करी अधिकाऱ्यांनाच प्रवेश होता. 1948 साली स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. परंतु त्यातील एक स्वार खरा अधिकारी नाही असे ठरवून पुढील वर्षी ते पदक काढून घेण्यात आले. हा नियम लवकरच बदलला. 1952 साली हेलसिंकी येथे स्त्रिया व सामान्य नागरिक यांनाही दार उघडले. त्या वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्यपदक मिळविले. पोलिओमुळे त्यांच्या गुडघ्याखालच्या पायांत शक्ती उरली नव्हती. घोडीवर चढण्याउतरण्यासही मदत लागत असे. ज्युबिली नावाची त्यांची घोडी त्यांच्या पायांच्या इशाऱ्यावाचून चालावयास शिकली होती. चार वर्षांनी त्यांनी पुन्हा रौप्यपदक पटकाविले. अश्वविद्या अंगबळाची नसून परस्पर समजुतीची आहे, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

या विद्येचे आजचे मोठे माहेरघर जर्मनी हे आहे. तेथे चाबूकस्वारीला रीतसर धंद्याचा दर्जा आहे. सुतारकाम किंवा लोहारकाम शिकावे तसे तरुण-तरुणी तीन वर्षे उमेदवारी करतात. दिवस पहाटे सुरू होतो. प्रथम तबेल्यातील लीद काढावयाची, चारा घालावयाचा, खरारा करावयाचा, खूर साफ करावयाचे. मग एकामागून एक घोडे फिरवावयाचे. थंडी असो वा पाऊस असो, घोड्याला सुट्टी कळत नाही आणि म्हणून त्याच्या शिक्षकालाही ती सहज मिळत नाही.

शिंगरू तीन वर्षांचे झाले म्हणजे त्याचे शिक्षण सुरू होते. आरंभी त्याला लांब दोरीवर वर्तुळात फिरवितात. आवाज ओळखणे हा त्याचा पहिला धडा. नंतर पाठीवर खोगीर येते, तंग हळूहळू आवळला जातो. मग एक दिवस शिकविणारा आपल्या पोटावर, आडवा, क्षणभर त्याच्या पाठीवर भार टाकतो आणि उतरतो. असे अनेक वेळा झाल्यावरच तो रिकिबीत पाय घालून बसतो. या वयात घोड्याचे दुधाचे दात पडत असतात, हिरड्या हळव्या असतात. म्हणून लगामाला जड हात चालत नाही. त्याच्या पाठीचा कणा पक्का होण्यास पाच-सहा वर्षे लागतात. म्हणून ओझे आणि वेळ दोन्ही बेताने वाढवावी लागतात.

जर्मन शिक्षकांनी या शिक्षणाच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली ताल, दुसरी अंगाचा सैलपणा, तिसरी लगामाशी मऊ व अखंड संबंध, चौथी चालीतील उसळी, पाचवी सरळपणा आणि सहावी भार मागील पायांवर घेऊन अंग सावरण्याची शक्ती. ज्याचा ताल बिघडलेला आहे त्याच्याकडून उसळी मागता येत नाही. ज्याचे अंग ताठ आहे तो सरळ चालत नाही. पहिल्या पायरीपासून अखेरच्या पायरीपर्यंत पोहोचण्यास कित्येक वर्षे जातात.

आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. हिंगोली, कळमनुरी किंवा सेनगाव भागातील जाणता शेतकरी नव्या गोऱ्ह्याला एकदम नांगराला जुंपत नाही. तो त्याला आधी एखाद्या शहाण्या, जुन्या बैलाच्या जोडीला लावतो, हलके काम देतो आणि थकण्यापूर्वी सोडतो. घाईने जुंपलेला गोऱ्हा एकदा बुजला, की जन्माचा बुजतो, हे त्याला ठाऊक असते. गोऱ्ह्याचा मालक आणि जर्मनीतील चाबूकस्वार यांची भाषा निराळी आहे. धडा मात्र एकच आहे.

परंतु चाबूकस्वाराची खरी कसोटी यापुढे असते. तरुण घोड्यांचे स्वतंत्र सामने भरतात. पाच-सहा वर्षांच्या घोड्यांसाठी तर जागतिक सामनेही होतात. तेथे दुडकी, कदम, मंद दौड, आज्ञाधारकपणा आणि घोड्याचे भवितव्य या पाच गोष्टींना गुण मिळतात. गुण चांगले मिळाले तर घोड्याची किंमत वाढते. धन्याला घोडा लवकर मिरवावा असे वाटते. ग्राहक दाराशी उभा असतो. अशा वेळी चार महिन्यांचे काम एका महिन्यात उरकण्याचा मोह पडतो. लगाम जरा ओढला, टाच जरा जोरात मारली, तर घोडा मान वाकवील आणि पाय उंच उचलील. अजाण प्रेक्षक टाळ्या वाजवतील. परंतु आतून तो ताठरलेला असेल आणि दोन वर्षांनी त्याचे सांधे किंवा त्याचे मन जायबंदी झालेले दिसेल. तोवर तो दुसऱ्याच्या पागेत गेलेला असेल. दोष कोणाचा, हे विचारणारा कोणी नसेल. घोडा तर बोलू शकत नाही. म्हणून ‘आज नको, अजून तयार नाही’ असे धन्याला सांगण्याचे धैर्य हा या धंद्याचा मोठा गुण मानला पाहिजे. ते सांगताना कधी कधी चाकरीही पणाला लागते.

या कामात आणखी एक व्रत आहे. वर्षानुवर्षे शिकविलेला घोडा एक दिवस विकला जातो. तो मोठ्या मैदानावर पदक जिंकतो, तेव्हा पाठीवर दुसराच स्वार असतो. पहिल्या शिक्षकाचे नाव वृत्तपत्रात येत नाही. प्राथमिक शाळेतील गुरुजींची स्थितीही पुष्कळदा अशीच असते.

भारतीय तरुणांना ही विद्या शिकण्यासाठी परदेशी जावे लागते, याला कारणे आहेत. उत्तम शिक्षक, नित्य होणारे मोठे सामने आणि शिकलेले घोडे युरोपात आहेत. शिवाय घोड्यांच्या रोगांविषयीच्या कडक नियमांमुळे भारतातील घोडे सामन्यांसाठी परदेशी नेणे अतिशय अवघड होते. 2025 साली मेरठ येथील लष्करी पशुवैद्यक केंद्रात घोड्यांसाठी रोगमुक्त विभाग तयार होऊन त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, तेव्हा ही अडचण काहीशी दूर झाली.

या मार्गाने गेलेल्यांपैकी कोलकात्याचे अनुष अगरवाला हे एक होत. 2017 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते जर्मनीत पाडरबोर्न परिसरात हुबर्टस श्मिट यांच्याकडे शिकण्यास गेले. श्मिट हे 2004 च्या ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेत्या जर्मन संघाचे स्वार होत. चीनमधील हांगझोऊ येथे 26 सप्टेंबर 2023 रोजी आशियाई सामन्यांत अनुष अगरवाला, मुंबईचे हृदय विपुल छेडा, जयपूरच्या दिव्यकृती सिंग आणि इंदूरच्या सुदीप्ती हजेला या चौघांनी ड्रेसेजचे सांघिक सुवर्णपदक जिंकले. भारताचे गुण 209.205 होते, चीनचे 204.882. 1982 च्या दिल्ली सामन्यांनंतर एक्केचाळीस वर्षांनी घोडेस्वारीत भारताला सुवर्ण लाभले. चौघेही युरोपात राहून शिकलेले होते.

दोनच दिवसांनी वैयक्तिक अंतिम सामना झाला. पात्रता फेरीत हृदय छेडा पहिले आले होते. परंतु अंतिम फेरीत त्यांच्या एमराल्ड या घोड्याच्या पायावर रक्ताचा डाग दिसला आणि नियमाप्रमाणे त्यांना बाद ठरविण्यात आले. पदक डोळ्यांसमोर असता असे घडणे किती कठीण! तथापि हा नियम घोड्याच्या रक्षणासाठी आहे. ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्या रक्ताचा एक थेंबही पदकाहून मोलाचा मानला जातो, हे त्या खेळाला भूषणावह आहे. त्याच दिवशी अनुष अगरवाला यांना एट्रो या घोड्यावर कांस्यपदक मिळाले. 2024 साली पॅरिस येथे, सर कॅरामेलो या घोड्यासह, ऑलिंपिक ड्रेसेजमध्ये उतरणारे ते पहिले भारतीय ठरले. तेथे त्यांना 66.444 टक्के गुण मिळाले. पुढील फेरी गाठता आली नाही.

हिंगोलीची छावणी आता इतिहासात जमा झाली आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मात्र मार्गशीर्षात आजही घोड्यांचा बाजार भरतो. जाणता पारखी तेथे घोड्याचे दात पाहतो, पाय चाचपतो, चाल पाहतो आणि मग डोळ्यांकडे पाहतो. डोळा भ्यालेला असेल तर तो समजतो, की या जनावराला कोणी तरी घाईने शिकविले आहे. डोळा शांत असेल तर त्या अज्ञात शिक्षकाला तो मनातल्या मनात शाबासकी देतो. चाबूकस्वाराला मिळणारे प्रशस्तिपत्र ते हेच.

स्वाध्याय

1. शिलेदार, बारगीर आणि चाबूकस्वार यांच्यातील फरक सांगा.
2. कोवळ्या घोड्याला शिकविताना घाई का करू नये? पाठाच्या आधारे दोन कारणे लिहा.
3. ‘आज नको, अजून तयार नाही’ असे सांगण्यास धैर्य का लागते?
4. लिस हार्टेल यांच्या उदाहरणावरून कोणती गोष्ट सिद्ध होते?
5. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : घोडे अडणे, घोडामैदान जवळ असणे, वरातीमागून घोडे.
6. आपल्या गावातील शेतकऱ्यास भेटून गोऱ्ह्याला कामाची सवय कशी लावतात, याची माहिती मिळवा व दहा ओळींत लिहा.