अधिवृक्क ग्रंथि आणि बाहेरून घेतलेलें स्टेरॉइड

मूत्रपिंडें आपणां सर्वांस ठाऊक आहेत. परंतु प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली जी लहानशी ग्रंथि असते, तिचें नांव फार थोड्यांस माहीत असतें. हिला अधिवृक्क ग्रंथि म्हणतात. हिचें वजन अवघें ४ ते ५ ग्रॅम. तथापि हिच्यावांचून मनुष्य जगत नाहीं. ह्या ग्रंथी नासल्या म्हणजे रोगी क्षीण होत होत मरण पावतो, असें लंडन येथील डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनीं १८५५ सालीं दाखवून दिलें.

ह्या ग्रंथीच्या बाहेरील थरांत कॉर्टिसॉल नांवाचें संप्रेरक तयार होतें. तें स्टेरॉइड वर्गांतील आहे. उपवासांत रक्तांतील साखर टिकविणें, रक्तदाब राखणें आणि ताप, जखम, शस्त्रक्रिया अशा प्रसंगीं शरीरास सांवरून धरणें, हीं त्याचीं कामें होत. निरोगी माणसांत त्याचें प्रमाण सकाळीं सर्वांत अधिक व मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतें.

आतां प्रश्न असा कीं, कॉर्टिसॉल किती करावें हें ग्रंथीस कोण सांगतें? मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा भाग आहे. तो जवळच्या पीयूषिका ग्रंथीस इशारा देतो, आणि पीयूषिका ए.सी.टी.एच. नांवाचें संप्रेरक रक्तांत सोडते. हें संप्रेरक अधिवृक्क ग्रंथीस कामास लावतें, इतकेंच नव्हे तर तिचें पोषणही करितें. अमेरिकेंत फिलिप स्मिथ यांनीं १९३० सालीं उंदरांची पीयूषिका काढून पाहिली, तेव्हां त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी सुकून लहान झाल्या. उलट, रक्तांत कॉर्टिसॉल पुरेसें झालें कीं तेंच मेंदूस व पीयूषिकेस आवर घालतें. अशा रीतीनें वाढ व संयम यांचा तोल राहतो.

परंतु स्टेरॉइड बाहेरून आलें तर? पीयूषिकेस आपलें व परकें हा भेद कळत नाहीं. ती स्वस्थ बसते. इंगल व केंडल यांनीं १९३७ सालीं उंदरांस ह्या ग्रंथीचा अर्क मोठ्या प्रमाणांत दिला, तों उंदरांच्या स्वतःच्या ग्रंथी खंगल्या. दुधनेच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांस हें नवल वाटणार नाहीं. कालव्याचें पाणी आलें म्हणून ज्या विहिरीचा उपसा थांबला, तिचे झरे गाळानें बुजतात. मग कालवा अकस्मात् बंद झाला तर पीक आणि विहीर दोन्ही कोरडीं!

स्टेरॉइड हें वाईट औषध नव्हे. १९४८ सालीं डॉक्टर हेंच यांनीं कॉर्टिझोन देऊन संधिवातानें जखडलेल्या रुग्णास चालतें केलें. ह्या कार्याबद्दल हेंच, केंडल व राइखस्टाइन यांस १९५० चें नोबेल पारितोषिक मिळालें. २०२० सालीं कोरोनाच्या साथींत डेक्सामेथॅसोन ह्या स्टेरॉइडानें, कृत्रिम श्वासयंत्रावर असलेल्या रुग्णांतील मृत्यु सुमारें एक-तृतीयांशानें कमी केले. मात्र ज्यांस प्राणवायु लागत नव्हता त्यांस त्याचा लाभ झाला नाहीं. औषध तेंच, विवेक पाहिजे.

यास्तव पालकांस व विद्यार्थ्यांस आमचें आग्रहाचें सांगणें असें कीं, सांधेदुखीवर मिळणारीं बेनांवाचीं चूर्णें घरांत आणूं नयेत. अशा कांहीं चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेलें आढळलें आहे. ज्यांस डॉक्टरांनीं स्टेरॉइडाच्या गोळ्या दिल्या असतील, त्यांनीं त्या आपल्या मनानें वाढवूं नयेत आणि बरें वाटलें म्हणून एकाएकीं सोडूंही नयेत. कांहीं आठवडे गोळ्या घेतल्यावर मात्रा सहसा हळूहळू उतरवावी लागते, कारण सुकलेली ग्रंथि पूर्ववत् होण्यास कित्येक आठवडे, क्वचित् महिनेच्या महिने लागतात. तेवढ्या काळांत घेरी, ओकाऱ्या व विलक्षण अशक्तपणा आल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें, व शस्त्रक्रियेपूर्वीं आपण स्टेरॉइड घेत होतों हें अवश्य सांगावें.

घरांतील आजोबा-आजींच्या औषधांचीं नांवें वाचून दाखविण्याचें काम बहुधा शाळेंत जाणाऱ्या मुलांकडेच असतें. तें काम लक्षपूर्वक करणें ही लहान सेवा नव्हे.