डबीचा कळस : लहान कामातील मोठी कमाई

ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवली आणि भिवंडी या पट्ट्यात लाकडाचे खरादकाम करणाऱ्या कारागिरांपुढे आज रोजीचा प्रश्न उभा आहे. पूर्वी पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे आणि जिन्याच्या कठड्याचे खांब यांवर खराद्याचे वर्ष निघत असे. आता पलंग प्लायवुडचे झाले आणि कठडे स्टीलचे झाले. जे थोडे काम उरले आहे, ते नक्कल करणाऱ्या यंत्रावर डझनांनी निघते. हातात पटाशी धरून काम करणाऱ्याने या यंत्राशी संख्येत स्पर्धा करणे म्हणजे तोट्याचा धंदा होय.

यावर एक वाट लहान मालाची आहे. झाकणाची डबी, करंडा, सुरमेदानी, अत्तराची पेटी असा माल फर्निचरच्या कामातून उरलेल्या वीतभर तुकड्यांतून होऊ शकतो. कल्याण-उल्हासनगर भागात असे तुकडे मिळणे अवघड नाही. परंतु दोन डब्या लाकडाने आणि पॉलिशने सारख्या असूनही एक विकली जाते व दुसरी गिऱ्हाईक पुन्हा जागेवर ठेवते. हा फरक बहुधा झाकणावरच्या कळसामुळे पडतो. गिऱ्हाइकाची नजर प्रथम कळसावर जाते आणि झाकण उघडताना हातही तिथेच जातो. म्हणून या लेखात फक्त कळसाचा विचार करू.

घुमटाची नक्कल नको

कळस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मशिदीचा किंवा दर्ग्याचा घुमट येतो आणि कारागीर तोच आकार लहान करून झाकणावर बसवतो. इथेच चूक होते. ताजमहालच्या आवारात मेहमानखान्यासमोरील फरशीवर घुमटाच्या कळसाची पूर्ण मापाची आकृती काळ्या दगडात बसवलेली आहे. खालून वर पाहताना जो कळस नाजूक वाटतो, तोच फरशीवर पाहिला की माणसाच्या उंचीच्या कितीतरी पट मोठा आणि जाडजूड दिसतो. लांबून पाहण्याच्या वस्तूचे माप वेगळे असते आणि हातात घेऊन पाहण्याच्या वस्तूचे वेगळे. डबी हातभर अंतरावरून आणि वरून पाहिली जाते. तिच्यावर घुमटाचे गोळेच्या गोळे रचले तर ती बोजड दिसते.

त्यापेक्षा जुना करंडा समोर ठेवावा. त्यात झाकणाचा उतार न तुटता वर चढत जातो आणि कळीसारख्या टोकात संपतो. सुरमेदानीत तर कळस हीच सलाईची मूठ असते. चिमटीत नीट धरता येईल असाच तिचा आकार घडला आहे. सावंतवाडीचे लाखकाम आणि कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी पाहिली तरी हेच दिसेल. खरादावर लाखेची कांडी दाबून रंग चढवता येतो आणि केवड्याच्या पानाने चमक आणता येते, पण बिघडलेला आकार रंगाने झाकला जात नाही.

आधी कागद, मग लाकूड

कळसाचा आकार पटाशी चालवता चालवता सुचेल, या भरवशावर राहू नये. जाड कागद मधोमध दुमडावा, त्यावर पूर्ण मापाची अर्धी आकृती काढावी आणि कात्रीने कापून कागद उलगडावा. दोन्ही बाजू सारख्या असलेला कळस तयार होतो. तो काळ्या शाईने रंगवून प्रत्यक्ष झाकणावर उभा करावा व हातभर अंतरावरून पाहावा. जिथे नजर अडखळते, तिथे पुन्हा कात्री लावावी. कागद चार वेळा बदलला तरी खर्च जवळजवळ काहीच नाही. लाकडात मात्र प्रत्येक बदल म्हणजे नवा तुकडा आणि गेलेला वेळ.

सुरुवातीसाठी एक माप देत आहोत. झाकण ३ इंच रुंद आणि डबी अडीच इंच उंच असेल तर कळस दीड इंच, म्हणजे १२ सूत ठेवावा. त्याची बैठक ५ सूत, त्यावरची मान २ सूत आणि पोट ४ सूत रुंद असावे. पोटाचा सर्वांत रुंद भाग उंचीच्या निम्म्याच्या खाली यावा व तिथून टोकापर्यंत एकच सलग उतार जावा. कळसाची उंची डबीइतकीच ठेवली तर दोन्ही एकमेकांशी भांडतात. एक स्पष्टपणे मोठे आणि दुसरे लहान असले पाहिजे.

मणी घालायचे असतील तर वर जाताना ते लहान होत जावेत. सारख्या मापाचे तीन मणी एकावर एक आले की ते पलंगाच्या पायासारखे दिसतात. मणी आणि खोबण यांच्यामध्ये बारीक पट्टी सोडावी, म्हणजे सावली स्वच्छ पडते. आणि शेवटी एक गोष्ट काढून टाकून पाहावी. ती काढल्याने आकार बिघडत नसेल, तर तिची गरज नव्हतीच.

काही गिऱ्हाईक टोकावर चांद मागतात. खरादावर फक्त गोल आकार निघतो, त्यामुळे चांद वेगळा कोरावा किंवा पितळेचा बसवावा लागतो आणि तो लवकर मोडतो. त्याचा दर वेगळा सांगावा.

लाकूड, क्रम आणि जोड

बारीक कामाला घट्ट रेषांचे लाकूड लागते. शिसव उत्तम, चिंचेचा किंवा बाभळीचा गाभाही चालतो. सागाचे रेषे मोकळे असल्याने त्याच्या बारीक कडा तुटतात. म्हणून डबी सागाची आणि कळस शिसवीचा ही जोडी कामाला व दिसायला दोन्ही दृष्टींनी बरी. लाकडाचे रेषे कळसाच्या लांबीतच असावेत, आडव्या रेषेची मान टिकत नाही.

काम टोकाकडून सुरू करावे आणि चककडे सरकत यावे, म्हणजे मागचे जाड लाकूड आधार देत राहते. एक भाग पूर्ण करून, घासूनच पुढे जावे. मान बारीक झाल्यावर पुन्हा टोकाला हात लावला तर कळस थरथरतो आणि मोडतो. पटाशीला चांगली धार असावी, कारण पॉलिश पेपर जास्त घासला की कडा बोथट होतात.

झाकण खरादावर असतानाच त्याच्या मध्यावर २ सुतांचे भोक पाडावे आणि कळसाच्या खालची खुंटी त्यात बसवावी. कळस नाजूक असेल तर झाकण अलगद निघाले पाहिजे. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगते, झाकण अडकते, गिऱ्हाईक कळस धरून पिरगाळते आणि मान तुटते. म्हणून लाकूड पूर्ण वाळलेले घ्यावे आणि झाकण थोडे सैल ठेवावे. रोजच्या वापराच्या डबीला ठेंगणी, जाड मूठच द्यावी. नाजूक कळस भेटीच्या डबीसाठी राखावा.

हिशेब आणि कागदपत्रे

समजा एका कळसाला २० मिनिटे लागतात आणि १२ पैकी ३ मोडतात. मग २४० मिनिटांत ९ कळस हाती आले, म्हणजे एक कळस सुमारे २७ मिनिटांना पडला. मान अर्धा सूत जाड केल्याने एकच मोडू लागला, तर तोच कळस २२ मिनिटांत पडतो. दर ठरवताना मोडलेल्यांची मजुरी धरली नाही, तर ती आपल्याच खिशातून जाते. पसंत पडलेल्या आकाराचा पत्र्याचा साचा करून ठेवावा. त्यामुळे डझनभर डब्या एका घराण्याच्या दिसतात आणि दुकानदाराला पुन्हा तोच माल मागता येतो.

साग, शिसव, खैर यांच्या तोडीवर १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याचे नियंत्रण आहे. तुकडे विकत घेतले तरी पावती जपून ठेवावी. शिसव-शिसम कुळातील सर्व जाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आहेत. परदेशी माल पाठवणाऱ्याने नियमांची चौकशी आधी करावी.

डोंबिवलीच्या फडके रोडवरचे दुकान असो की हाजी मलंगच्या उरुसातील गर्दी, गिऱ्हाईक डबी हातात घेते, झाकण उचलते आणि त्या क्षणी मनाशी किंमत ठरवते. त्याची बोटे ज्या दीड इंचावर असतात, तिथे आपल्या हाताचे हुनर दिसले पाहिजे. या आठवड्यात नवा माल करण्याआधी एकच कळस कागदावर काढून, चार वेळा कापून पाहावा.