हॅश : बाइटांचा ठसा

कोलकात्याची खिदिरपूर गोदी इ. स. १८९२ मध्ये सुरू झाली. तिच्याजवळच्या नेताजी सुभाष गोदीत आज कंटेनरांची चढउतार चालते. प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरे व सात अंक रंगविलेले असतात. त्यांतील शेवटचा अंक आधीच्या दहा चिन्हांवरून काढलेला असतो. अक्षरांना ठरावीक मूल्ये देऊन ही दहा मूल्ये अनुक्रमे १, २, ४, ८ अशा, ५१२ पर्यंत दुप्पट होत जाणाऱ्या संख्यांनी गुणतात व गुणाकारांच्या बेरजेला ११ ने भागतात. उरलेली बाकी हाच पडताळ्याचा अंक. बाकी १० आल्यास ० लिहितात. ‘सीएसक्यूयू ३०५४३८’ या क्रमांकाची बेरीज ६१८५ भरते व बाकी ३ उरते. म्हणून त्यापुढे ३ लिहावयाचा.

लिहिताना एखादा अंक चुकला तर हा पडताळा ती चूक बहुधा दाखवितो. लबाडीपुढे मात्र तो दुबळा आहे. कारण तीच बाकी देणारा दुसरा क्रमांक कोणासही कागदावर शोधता येतो. यास्तव जेथे फसवणुकीचा संभव असतो तेथे ‘हॅश’ वापरतात.

संगणकातील कोणतीही माहिती ही बाइटांची, म्हणजे ० ते २५५ मधील संख्यांची, रांग असते. ‘एसएचए-२५६’ ही पद्धती कितीही लांब रांगेपासून ३२ बाइटांचा ठसा काढते. मूळ रांगेत किंचित फरक झाला तरी ठसा पार बदलतो, आणि तोच ठसा देणारी दुसरी रांग शोधणे व्यवहारतः अशक्य असते. ‘एमडी५’ आणि ‘एसएचए-१’ या जुन्या पद्धतींना मात्र ही खात्री उरली नाही. एकच ठसा देणाऱ्या भिन्न रांगा पहिलीबाबत २००४ मध्ये आणि दुसरीबाबत २०१७ मध्ये प्रत्यक्ष दाखविण्यात आल्या.

आता समजा, गोदीवरील तपासनिसाने पोचा पडलेल्या कंटेनरचे छायाचित्र मोबाइलवर घेतले आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या ॲपने त्याचा हॅश काढला. येथे एक सूक्ष्म धोका असतो. जेपेग छायाचित्राचा आरंभ २५५, २१६, २५५ या बाइटांनी होतो. ॲपने ही रांग मजकूर समजून ‘यूटीएफ-८’ लिपीसंकेताने वाचली, तर हे तिन्ही बाइट त्या संकेतात अर्थहीन ठरतात. प्रत्येकाच्या जागी २३९, १९१, १८९ असे बदली चिन्हाचे तीन बाइट येतात. तिनांचे नऊ होतात. निरनिराळे बाइट एकाच चिन्हात विरून गेल्याने पुढे केलेली खाडाखोडही लपू शकते.

दुसरी चूक ‘बेस-६४’ या रूपाची. ९७, ९८, ९९ हे तीन बाइट त्या रूपात ८९, ८७, ७४, १०६ असे चार होतात. या रूपाचा हॅश गणिताने बरोबरच येतो. पण तो छायाचित्राचा नव्हे, त्याच्या नकललेल्या मजकुराचा असतो. कार्यालयातील संगणक मूळ फाइलीचा हॅश काढतो, दोन्ही जुळत नाहीत आणि खरे छायाचित्र खोटे ठरते.

हे नुकसान लहान नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदविण्याची तरतूद आहे.

म्हणून फाइल प्रथमपासून ‘यूइंट८ॲरे’ या बाइटांच्या रांगेतच घ्यावी. ती बेस-६४ रूपात हाती आली असल्यास आधी उलगडून पुन्हा बाइट करावे, आणि मगच ती ‘क्रिप्टो.सटल.डायजेस्ट’ या क्रियेकडे सोपवावी. ही क्रिया सर्वच मोबाइल-रचनांत आयती मिळत नाही; तेथे तेच काम करणारा विश्वसनीय घटक जोडावा लागतो. ॲपची परीक्षा सोपी आहे : ९७, ९८, ९९ या तीन बाइटांचा एसएचए-२५६ हॅश १८६, १२०, २२, १९१ या बाइटांनी सुरू झाला पाहिजे. त्यानंतर एखादे छायाचित्र घेऊन त्याचा मोबाइलवरील आणि संगणकावरील हॅश ताडून पाहावा. दोन्ही अक्षरशः जुळले, तरच ॲपने छायाचित्राचाच ठसा घेतला असे समजावे.