कांद्याचे बी : स्वस्ताच्या मोहात हंगाम घालवू नका

कांदा पिकविणारे भावाची चिंता फार करतात, बियाची मात्र थोडी. वास्तविक भाव आपल्या हातात नसतो, बी असते. आम्हीही एकदा सुटे बी स्वस्त मिळाले म्हणून घेतले. निम्मे वाफे मोकळे राहिले आणि जे पीक आले त्यात जोडकांदे व डेंगळेच जास्त. तेव्हापासून आम्ही घरचे बी धरू लागलो. त्याची रीत येथे देत आहोत.

कांद्याला बी येण्यास दोन हंगाम लागतात. पहिल्या हंगामात बियापासून कांदा होतो. तो पुन्हा लावला की दुसऱ्या हंगामात फूल व बी येते. काही झाडांना मात्र पहिल्याच हंगामात फुलाचे दांडे येतात. तेच डेंगळे. त्यांचे बी फुकट मिळते म्हणून पुष्कळजण धरतात. पण त्या बियाच्या पिकात पुन्हा डेंगळ्यांचे प्रमाण वाढते. ही चूक प्रथम टाळावी.

लावणीसाठी एकाच जातीचे, एकसारख्या रंगाचे, बारीक मानेचे, ६० ते ८० ग्रॅम वजनाचे निरोगी कांदे निवडावेत. वरचा एक तृतीयांश भाग कापून पाहावा. आत एकच डोळा असेल तर कांदा ठेवावा, जोड असेल तर बाजूला काढावा. बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावणी करावी.

कांद्याच्या फुलात पराग आधी तयार होतो आणि स्त्रीकेसर मागाहून. म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्यापर्यंत नेण्यास मधमाशी लागते. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारले तर माश्या मरतात आणि गोंडे पोकळ राहतात. फुलकिड्यांचा बंदोबस्त फुले उमलण्यापूर्वीच करावा. जमल्यास सातेरी माश्यांच्या पेट्या शेतात ठेवाव्यात. हीच माशी शेजारच्या दुसऱ्या जातीचा परागही आणते. म्हणून प्रमाणित बियासाठी दोन जातींत निदान ५०० मीटर अंतर राखतात.

सगळे गोंडे एकदम पिकत नाहीत. गोंड्यातील काही बोंडे उकलून काळे बी दिसू लागले की सकाळच्या गारव्यात तो गोंडा कापावा. उन्हात कापल्यास बी गळते. अशी तीन-चार वेळा काढणी करावी. बी चांगले वाळवून हवाबंद डब्यात, कोरड्या व थंड जागी ठेवावे.

कांद्याच्या बियाचे आयुष्य थोडे. साध्या साठवणीत वर्षभरानंतर उगवण झपाट्याने घटते. म्हणून बी घरचे असो वा विकतचे, १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत आणि १२ व्या दिवशी मोजावेत. प्रमाणित बियाची उगवण निदान ७० टक्के असावी लागते. ४० च दाणे उगवले, तर अर्ध्या भावात घेतलेले बीही महागच पडले. वाफा, पाणी, मजुरी तितकीच लागते आणि गेलेला हंगाम परत येत नाही.

बियांचे दुकान काढायचे असेल तर १९८३ च्या बियाणे (नियंत्रण) आदेशानुसार परवाना लागतो, हे ध्यानात ठेवावे. पुड्यावर लिहिलेली उगवण आणि आतील माल यांत फरक पडता कामा नये. या धंद्यात गिऱ्हाईक एकदाच फसते. पुढच्या हंगामात ते दुसऱ्या दुकानाची पायरी चढते.