क्रोध व आत्मसंयमन

शास्त्रपाठ: नहेम्या ५:१-१३, मार्क ३:१-५, याकोब १:१९-२०

मुंबईस लालबाग-परळच्या चाळींत ज्यांनीं दिवस काढिले, त्यांस सार्वजनिक नळावरचें भांडण सांगावयास नको. पहांटे पाणी थोडाच वेळ येई, हंड्यांची रांग लांब असे, आणि कोणाची कळशी पुढें सरकली एवढ्यावरून दोन बिऱ्हाडांचें बोलणें वर्षभर बंद होई. पाणी सरे, राग मात्र उरे. गांवच्या विहिरीवर व शेताच्या बांधावरही हेंच घडतें. म्हणून आजचा पाठ प्रत्येक घरासाठीं आहे.

१. राग येणें हेंच पाप काय? — वाळलेल्या हाताच्या मनुष्यास शब्बाथ दिवशीं बरें करूं नये, असें मनांत धरून बसलेल्यांकडे प्रभु येशूनें रागानें पाहिलें, असें मार्क सांगतो. परंतु त्यांच्या मनाच्या कठोरपणामुळें त्याला खेदही झाला, हेंही तेथेंच आहे. आणि त्या रागाचा शेवट एक हात बरा होण्यांत झाला. आपल्या रागाची कसोटी हीच: त्यांत दुसऱ्याविषयीं दुःख आहे काय, व त्यापासून कोणाचें बरें होतें काय?

२. राग भलत्यावर पडतो — गिरण्या चालत होत्या त्या काळीं जॉबराचें टोंचून बोलणें कामगार मुकाट्यानें गिळी. उलट बोलावें तर पोटावर पाय येई. तो राग घरीं जाई, आणि बायकोवर अगर मुलावर निघे. पुढें १८ जानेवारी १९८२ पासून सुमारें अडीच लक्ष गिरणी कामगारांनीं संप केला. कित्येकांचें काम कायमचें गेलें; कित्येक कोंकणांत व घाटावर आपल्या गांवीं परतले. त्यांचा संताप निष्कारण होता असें कोण म्हणेल? परंतु ज्या लेंकराच्या पाठीवर तो संताप उतरला, त्यानें गिरणी बंद पाडिली नव्हती. मनुष्य रागावला म्हणून देवाचा न्याय स्थापित होत नाहीं, हें याकोबाचें शिक्षण येथें डोळ्यांपुढें उभें राहतें.

३. नहेम्याचा कित्ता — यरुशलेमेंत दुष्काळामुळें गरिबांनीं धान्यासाठीं शेतें गहाण टाकिलीं, पोटचीं मुलें दास्यांत दिलीं. आणि सावकार तर त्यांचेच भाऊबंद! हें ऐकून नहेम्या अत्यंत संतापला. तरी तो तडक कोणाच्या दारावर धांवून गेला नाहीं. प्रथम त्यानें मनाशीं विचार केला. मग सभा भरवून सरदारांस उघड दोष दिला. आणि आपण व आपल्या माणसांनींही पैसा व धान्य कर्जाऊ दिलें आहे, हें त्यानें लपविलें नाहीं. तेव्हां सावकारांनीं शेतें परत देण्याचें वचन दिलें व तें पाळिलें. संयमी मनुष्य अन्याय गिळीत नाहीं. तो राग व जीभ यांच्यामध्यें विचाराला बसावयास जागा देतो.

४. कवीचें घर — ज्यांचीं भजनें आपल्या मंडळ्या प्रेमानें गातात, त्या नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईंत १० फेब्रुवारी १८९५ रोजीं झाला. ते मोठे प्रेमळ, पण शीघ्रकोपी होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं 'स्मृतिचित्रें' या पुस्तकांत त्यांचा प्रेमळपणा लिहिला, तसा रागही झांकला नाहीं. टिळक १९१९ सालीं मुंबईंतच वारले. पुस्तकाचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. इतक्या वर्षांनींही ते प्रसंग पत्नीस ताजे आठवत होते! घरचीं माणसें क्षमा करितात, पण विसरत नाहींत. बाप्तिस्म्यानें स्वभाव एका दिवसांत पालटत नाहीं. गलतीकरांस पत्रांत संयमन हें आत्म्याचें फळ म्हटलें आहे, आणि फळ पिकावयास काळ लागतो, हें खरें. तथापि "माझा स्वभावच असा" म्हणून जो झाडाला पाणीच घालीत नाहीं, त्याला फळ कोठून येणार?

५. दरवाजा राखा — ज्याचें मन त्याच्या ताब्यांत नाहीं, त्याला नीतिसूत्रांत (२५:२८) तट ढासळलेल्या नगराची उपमा दिली आहे. मुंबईच्या किल्ल्याचा तट १८६० नंतरच्या दशकांत पाडण्यांत आला. चर्चगेट हें नांव उरलें; दरवाजा उरला नाहीं. वाचकहो, आपल्याकडेही ख्रिस्ती हें नांव राहून तोंडाचा दरवाजा नाहींसा झाला नाहीं ना?

यास्तव तीन गोष्टी आचरणांत आणाव्या. रागाच्या भरांत मुलाला शिक्षा करूं नये. बाहेर जावें, पाणी प्यावें, प्रार्थना करावी, आणि मग शिक्षा हवी कीं शब्द पुरे, हें ठरवावें. ज्याचा राग आला त्याच्याशींच बोलावें, दुसऱ्याजवळ त्याची निंदा करूं नये. आणि सूर्यास्तापूर्वीं राग सोडावा, या पौलाच्या आज्ञेप्रमाणें दिवेलागणीस घरांत समेट करावा. चूक आपली असेल तर लहान मुलाजवळही क्षमा मागण्यास लाजूं नये. बापानें क्षमा मागितलेली ज्या मुलानें पाहिली, त्याला क्षमेचा अर्थ निराळा शिकवावा लागत नाहीं.

मननासाठीं प्रश्न: गेल्या आठवड्यांत माझा राग कोणावर निघाला? खरा अपराधी तोच होता काय? आज दिवा लागण्यापूर्वीं मला कोणाकडे गेलें पाहिजे?