होस्ट्स फाईल : कॉम्प्युटरची घरची डायरी

पूर्वी लँडलाईनशेजारी एक डायरी असायची. नंबर आधी तिच्यात शोधायचा, नाहीच सापडला तर १९७ ला विचारायचं. आपला कॉम्प्युटर आजही तेच करतो. ब्राउझरमध्ये नाव टाईप केलं की त्याला आय.पी. ॲड्रेस लागतो. त्यासाठी डी.एन.एस. सर्व्हर असतात हे आपण परीक्षेपुरतं घोकतो. पण त्याआधी मशीन स्वतःच्या डिस्कवरची एक साधी टेक्स्ट फाईल बघतं. तिचं नाव होस्ट्स.

ही फाईल डी.एन.एस.पेक्षा जुनी आहे. अर्पानेटवर सगळ्यांची मिळून एकच यादी होती. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एस.आर.आय. संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांची टीम ती सांभाळायची. नवीन मशीन जोडलं की त्यांना कळवायचं, बाकीच्यांनी ताजी यादी कॉपी करून घ्यायची. नेटवर्क वाढलं तशी यादी फुगली आणि कॉपी होईपर्यंत शिळी व्हायला लागली. शेवटी १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डी.एन.एस.ची रचना मांडली. जुनी फाईल मात्र प्रत्येक मशीनवर राहिली ती राहिलीच!

लिनक्सवर ती ईटीसी डिरेक्टरीत सापडेल, विंडोजवर सिस्टीम३२ च्या आत ड्रायव्हर्स, त्याच्या आत ईटीसी. ओळीत आधी ॲड्रेस, मग जागा सोडून नाव (अर्थात इंग्रजी अक्षरांत):

१९२.१६८.१.२० प्रोजेक्ट

झालं. आता त्या मशीनवर नुसतं 'प्रोजेक्ट' म्हटलं की लॅबचा सर्व्हर उघडतो. पोर्ट नंबर इथे चालत नाही, आणि प्रत्येक नाव पूर्ण लिहावं लागतं. नोटपॅडवाल्यांनो, सेव्ह करताना शेवटी डॉट टीएक्सटी चिकटलं तर ती फाईल कोणी वाचणार नाही.

गंमत इथे संपते. मशीन या फाईलवर डोळे मिटून विश्वास ठेवतं. हॉस्टेलच्या कॉमन पीसीवर ज्याच्याकडे ॲडमिन पासवर्ड आहे, तो तुमच्या बँकेच्या नावापुढे स्वतःचा ॲड्रेस लिहू शकतो. वर नाव अगदी बरोबर दिसेल, साईट त्याची. अशा वेळी ब्राउझर सर्टिफिकेटची वॉर्निंग देतो, आणि आपण घाईत 'पुढे जा' दाबतो! प्लीज, तिथे थांबा. (ॲडमिनने स्वतःचं सर्टिफिकेटही घुसवलं असेल तर वॉर्निंगसुद्धा येत नाही. मी तर कॉमन पीसीवर बँक उघडतच नाही.)

शंका आली तर दोन कमांड द्या. पिंग होस्ट्स फाईल बघतं, एनएसलुकअप ती न बघता थेट डी.एन.एस.ला विचारतं. दोघांची उत्तरं वेगळी आली तर फाईल उघडून वाचा. मोठ्या साईट्सना अनेक ॲड्रेस असतात, त्यामुळे फरक दिसला की लगेच रेक्टरकडे धावू नका. कित्येकदा आत एवढंच निघतं, की सर्व्हरचा ॲड्रेस बदलला आणि मागच्या बॅचने लिहिलेली ओळ तशीच राहिली.