घरातील धंद्याची खोली आणि आयकर

आपल्या उमरखेडमध्ये कित्येक कारागिरांचे दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. कोणी तिथे शिवणकाम करतो, कोणी गाद्या भरतो, कोणी मोबाइल दुरुस्त करतो. वर्षाचा हिशेब मांडताना आपण कापड, सूत, मजुरी लिहितो. भाडे मात्र घरखर्च समजून सोडून देतो. मग कागदावर नफा फुगतो आणि कर त्या फुगलेल्या नफ्यावर बसतो.

कायदा काय म्हणतो? १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ३० आणि ३८ प्रमाणे, घराचा जो हिस्सा धंद्यासाठी वापरला जातो, त्या प्रमाणात भाडे व दुरुस्तीचा खर्च उत्पन्नातून वजा होतो. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेच राहिले.

उदाहरण घेऊ. समजा, घर ६०० चौरस फूट, भाडे महिना ६,००० रुपये आणि शिवणकामाची खोली १५० चौरस फूट. म्हणजे चौथा हिस्सा. महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,००० रुपये धंद्याचा खर्च झाला. त्याच खोलीत रात्री मुले झोपत असतील, तर हिस्सा आणखी कमी धरावा. हिस्सा वाजवी आहे की नाही, हे शेवटी आयकर अधिकारी ठरवतो.

घर स्वतःचे असेल तर स्वतःलाच भाडे दिले असे दाखवता येत नाही. मात्र नगर परिषदेचा घरपट्टी कर, दुरुस्ती, विमा आणि इमारतीचा घसारा यांचा त्याच प्रमाणात हिस्सा मिळतो. वीजबिलाचेही तसेच, धंद्याचे मीटर वेगळे असेल तर हिशेब सोपा.

आता महत्त्वाची सूचना. कलम ४४एडी प्रमाणे उलाढालीच्या ८ टक्के (बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के) नफा दाखवणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला हा खर्च वेगळा वजा करता येत नाही. त्या टक्केवारीत सर्व खर्च आलाच, असे कायदा मानतो. दोन्हीकडून लाभ घेऊ पाहाल तर नोटीस येण्याची भीती आहे. आणि ही पद्धत एकदा धरून पाच वर्षांच्या आत सोडली, तर पुढील पाच वर्षे ती परत घेता येत नाही. म्हणून आधी दोन्ही हिशेब मांडून पाहावेत.

वजावट घ्यायची तर पुरावा हवा. घरमालकाकडून दरमहा पावती घ्यावी. एका दिवसात एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास तो खर्च सहसा मान्य होत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने द्यावी. खोलीचे माप लिहिलेला साधा नकाशा, घरपट्टीची पावती व वीजबिले एका फाइलमध्ये ठेवावीत.

आमचे व्यापारी व कारागीर बंधूंना एवढेच सांगणे आहे : हक्काचा खर्च सोडू नका, आणि बिनहक्काचा एक रुपयाही लिहू नका.